अक्कांची खानावळ, खानापूर रोड: भाकरीला चार स्टार, फळ्याला पाच

सोमवारी रात्री जाऊ नका, बंद असते. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या महिन्यात माझ्या सांगण्यावरून चंदगडहून दोघे पाव्हणे आले, सोमवारी रात्री आठला कुलूप बघत उभे राहिले आणि तिथूनच मला फोन लावून शिव्या घातल्या. चूक माझी. बावीस वर्षं मी तिथं दुपारचं जेवतोय, तरी सोमवारचं सांगायला विसरलो. तो नियम का पडला ते खाली येईलच. खरं तर त्या नियमापायीच एवढं लांबलचक लिहायला बसलोय, नाहीतर भाकरी-आमटीबद्दल चार ओळी पुरल्या असत्या.

पत्ता असा: बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाकडून उद्यमबागेच्या दिशेला निघा. डाव्या हाताला पंक्चरवाला, पुढं वेल्डिंगचं दुकान, या दोघांच्या मधल्या बोळात. बोर्ड आहे, पण वाचता येण्यासारखा उरलेला नाही. नाव मी लिहीत नाही. अक्कांना विचारलं होतं, तर म्हणाल्या, "नको रे बाबा. फोटो काढणारी पोरं येतात आणि भाकरी गार करून खातात."

मी पॅटर्नमेकर आहे. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो आकार उठवावा लागतो, त्याचा लाकडी नमुना करणारा माणूस. खानापूरकडून सकाळच्या गाडीनं येतो आणि संध्याकाळी परत जातो. डबा आणत नाही. बायकोच्या मते हे आळसापायी, माझ्या मते भाकरीपायी.

ताट ९० रुपयांना. दोन भाकऱ्या नाहीतर तीन चपात्या, एक पातळ भाजी, एक सुकी, आमटी, भात, ताक, शेंगाची चटणी, कांदा. भाकरी जोंधळ्याची, हातावर थापलेली. तव्यावर एक बाजू झाली की थेट आरावर टाकतात. ती टम्म फुगते, आणि आतून ताटापर्यंत येते तेव्हा तिचा पापुद्रा अजून वर असतो, बोट लावलं की वाफेसकट खाली बसतो. मी तो पापुद्रा एका कडेनं उचलतो आणि आत आमटी ओततो. हा प्रकार चारचौघांत करू नये असं घरचं मत आहे. मंगळवारी भरली वांगी, बुधवारी अख्खा मसूर, शुक्रवारी मटकी. पावसाळ्यात अंबाडीची भाजी असते, तिला इथं मराठी माणूससुद्धा पुंडीच म्हणतो. गुरुवारी काय बिघडतं कळत नाही, आमटीत डाळ शोधावी लागते. भात साधा. बेळगावी बासमतीची आशा धरून जाऊ नका. ९० रुपयांत ती कोणी घालणार नाही, आणि घालतो म्हणाला तर उठून या.

कर्नाटक सरकारच्या इंदिरा कॅन्टीनमध्ये १० रुपयांत जेवण निघालं, सीमेपलीकडं शिवभोजनही १० रुपयांनाच सुरू झालं होतं. त्या दराशी अक्कांची बरोबरी नाही. त्यांना कोणाचं अनुदानही नाही.

उणं-दुणं म्हणाल तर हात धुवायच्या नळाला बांधलेली चिंधी २०१८ पासून तीच आहे. मधल्या रांगेवरचा पंखा फिरतो, पण वारा कुठं जातो ते त्यालाच ठाऊक. साडेबारा ते दीड जागा मिळणं मुश्कील. डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की गावात बंदोबस्ताचे पोलीस, उसाच्या दरासाठी आलेले शेतकरी, निवेदनं घेऊन आलेले सतराशे साठ लोक. त्या दिवसांत इथं पार्सलंच एवढी जातात की आमच्यासारख्या रोजच्यांना भात संपल्याचं सांगतात. त्याबद्दल एक स्टार कापला आहे. अक्कांना तोंडावर सांगितलंय, त्यांनी मान्यही केलंय. सुधारणा नाही.

आता फळा.

गल्ल्याच्या वर भिंतीवर शाळेतला असतो तसा काळा फळा आहे. डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड. कन्नड बाजू अक्कांचा मुलगा लिहितो, तो कन्नड शाळेत शिकलाय. दोन्हीकडं एकच मजकूर असतो का, हे शिरसीकडच्या एका फिटरनं कितीतरी दिवस रोज वाचून ताडून बघितलं. असतो. भाषेवरून या गावात दगड पडलेले मी पाहिलेत, पण या फळ्यावरून कधी आवाज चढलेला ऐकला नाही. लोकांचं लक्ष ताटाच्या दराकडं असतं, लिपीकडं कोण बघतो.

फळ्यावर आजची भाजी असते आणि खाली कधीकधी दोन-तीन ओळी जास्तीच्या असतात. त्या ओळी म्हणजे या खानावळीची खरी चीज. एक नमुना सांगतो. २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाचं तेल भडकलं. १९ किलोचा सिलिंडर दोन हजारांच्या वर गेला. त्या आठवड्यात रस्त्यावरच्या सगळ्या हॉटेलांनी दर वाढवले. कोणी रात्रीत नवं कार्ड छापून आणलं, तर कोणी दर तेवढाच ठेवून वाटी लहान केली. वाटी लहान करणारे मला जास्त डोक्यात जातात. अक्कांच्या फळ्यावर असं आलं होतं:

"तेल वाढलं. गॅस वाढला. ताट ७० चं ८०. चपात्या तीनच्या दोन. भाकरी तेवढीच. तेल उतरलं की तिसरी चपाती परत. दर परत उतरेल असं सांगत नाही. हिशोब वहीत आहे, बघणाऱ्यानं बघावा."

वही खरोखरच गल्ल्यावर होती, दोरी लावून टांगलेली. तेलाचा डबा कितीला, गॅस किती दिवस पुरतो, दोन बायकांचा पगार. आमच्यातल्या एका टर्नरनं ती वाचून काढली आणि म्हणाला, "अक्का, यात तुमचं काय उरतंय?" अक्का म्हणाल्या, "ते वहीत नाही." सगळे हसले आणि ८० रुपये देऊन जेवले. पाच-सहा महिन्यांनी तेल खाली आलं. कोणी आठवण केली नाही, आम्ही विसरूनही गेलो होतो. एका पहिल्या तारखेला ताटात तिसरी चपाती आली. वाढणाऱ्या बाईंना वाटलं आम्ही खूश होऊ. आम्ही आधी फळ्याकडं बघितलं. "तेल उतरलं. तिसरी चालू." एवढंच लिहिलं होतं.

मला हे कुठून येतं ते बरेच दिवस कळत नव्हतं. मग एकदा पावसात गाडी चुकली, दुपारी चारपर्यंत तिथंच बसलो, तेव्हा सोमवारची गोष्ट ऐकली.

ही खानावळ अक्कांच्या सासऱ्यांनी काढली. तेव्हा ती बेळगावातल्याच शहापुरात होती, गिऱ्हाईक बहुतेक विणकर. १९६५ साल. पावसानं दगा दिलेला, पाकिस्तानशी युद्ध, आणि गव्हासाठी पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदतीच्या, जहाजांची वाट बघणं. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सांगितलं, आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा. सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच्या घरात एक संध्याकाळ चूल बंद ठेवून बघितली, पोराबाळांना झेपतं का, असं त्यांच्या घरचे सांगत आलेत. मग देशभर सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहायला लागली. शहापुरातल्या या चुलीवरही सोमवारी रात्री पाणी पडलं.

११ जानेवारी १९६६ ला शास्त्री ताश्कंदला वारले. हळूहळू हॉटेलांचे सोमवार पुन्हा उघडले. सासऱ्यांनी उघडला नाही. पुढं अक्का लग्न होऊन आल्या, हिशोब बघायला लागल्या आणि एकदा धीर करून विचारलं की मामंजी, आता कशाला? त्यांचं उत्तर अक्का जशास तसं सांगतात: "त्या माणसानं काय मागितलं बघ की. एक वेळ. दोन्ही वेळ न्हाई, रोज न्हाई. आधी आपल्या पोरांच्या ताटातनं काढलं, मग आमच्या. असं मागणाऱ्याला न्हाई म्हणू नये."

त्यानं जन्मभर मागितलं नव्हतं, हे मी म्हणून बघितलं. अक्का म्हणाल्या, "ते मी पण म्हटलं होतं." मुलाचं मत अर्थातच सोमवारी उघडावं असं आहे. महिन्याचे चार गल्ले बुडतात. त्या दोघांच्या भांडणात मी पडत नाही, पण चंदगडच्या पाव्हण्यांच्या शिव्या खाल्ल्यावर मुलाची बाजू थोडी पटायला लागली आहे.

खानावळीत टीव्ही आहे. आवाज बंद असतो. भारत-पाकिस्तान सामना आणि अर्थसंकल्प, या दोनच दिवशी आवाज उघडतात. १ फेब्रुवारीला अकराला भाषण सुरू होतं आणि संपता संपता आमची जेवणाची सुट्टी होते. त्या दिवशी ताटं कमी आणि मतं जास्त. एकदा पडद्यावर कोणीतरी म्हणत होतं की चिंतेचं कारण नाही. (कोण ते लिहीत नाही. सगळ्याच पक्षांचे म्हणतात.) तर आमचा मोल्डर भाताचा घास हातात धरून म्हणाला, "झालं. आता चिंता करायला पाहिजे."

तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरचे सर बोलले. सर म्हणजे अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. बायको गेल्यापासून दोन्ही वेळ इथंच जेवतात, सोमवारी रात्री पोहे करून खातात. ते म्हणाले की चिंता नको म्हणणं हा गुन्हा नाही, नेत्यानं तसं म्हणायलाच पाहिजे. त्याच्या आधी तो काय सांगतो ते बघा. आणि ताकाच्या सांडलेल्या थेंबात बोटानं रेघा ओढत त्यांनी अमेरिकेतली गोष्ट सांगितली. ती पुढं मी वाचूनही बघितली, सरांनी पदरचं काही घातलं नव्हतं.

१९२९ ला शेअर बाजार कोसळला. राष्ट्राध्यक्ष हूवर. १ मे १९३० ला ते व्यापाऱ्यांच्या सभेत सांगतात की सर्वांत वाईट काळ मागे पडला अशी माझी खात्री आहे. माणूस काही लबाड नव्हता. हुशार इंजिनियर, महायुद्धात बेल्जियमला धान्य पोचवून नाव कमावलेला. पण वाईट काळ मागे पडला नव्हता, तो पुढंच होता. १९३३ पर्यंत चारातला एक कामगार घरी बसला. बेघर लोकांच्या पत्र्याच्या वस्त्यांना लोक हूवरचं नाव द्यायला लागले. अंगावर पांघरायच्या वर्तमानपत्राला हूवरची चादर म्हणायला लागले. सर म्हणाले, बघा, आशा दाखवल्याबद्दल एवढी शिक्षा कोणाला झाली नसेल.

४ मार्च १९३३ ला हूवरच्या जागी रूझवेल्ट आले. बँका धडाधड बुडत होत्या, लोक पैसे काढायला रांगा लावून उभे. त्यांनी आल्या आल्या सगळ्या बँका बंद केल्या. आणि १२ मार्चला, रविवारी रात्री, रेडिओवर बसले. पाव तासाच्या आतलं भाषण. सुरुवात कशी, तर बँक चालते कशी इथून. तुम्ही ठेवलेला पैसा तिजोरीत पडून नसतो, तो कर्जानं फिरत असतो. म्हणून सगळे एकाच दिवशी मागायला आले तर चांगली बँकही देऊ शकत नाही. मग कोणत्या शहरातल्या बँका सोमवारी उघडणार, कोणत्या मंगळवारी, कोणत्या नंतर. मग हेही, की प्रत्येक बँक उघडेल असं वचन मी देत नाही, काहींचं नुकसान होईल. आणि हे सगळं झाल्यावर, की उघडलेल्या बँकेत तुमचा पैसा गादीखाली ठेवण्यापेक्षा सुरक्षित आहे. सोमवारी बँका उघडल्या तेव्हा रांगा पुन्हा लागल्या, पण या खेपेला पैसे भरायला.

सर थांबले. आत चुलीजवळून अक्का ओरडल्या, "म्हणजे त्यानं फळा लिहिला म्हणा की."

मोल्डरचं समाधान झालं नाही. त्याचं म्हणणं, मग सगळ्यांनी हिशोबच सांगत बसावं काय, ऐकून माणूस निम्मा मरेल. सरांकडं त्यालाही गोष्ट होती, अमेरिकेच्याच राष्ट्राध्यक्ष कार्टरची. १९७९, पेट्रोल पंपांवर रांगा, महागाई. १५ जुलैला कार्टर टीव्हीवर आले आणि देशाचा स्वतःवरचा विश्वास उडालाय असं तोंडावर सांगितलं. लोकांना ते आधी आवडलं, त्यांची लोकप्रियता वाढली. पण दोनच दिवसांनी सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले, आणि लोकांना वाटलं घरच पडतंय. पुढची निवडणूक ते हरले. म्हणजे दुखणं सांगितलं, औषध मात्र कोणाला दिसलं नाही. टर्नर म्हणाला, आपल्या वसंतराव नाईकांनी, मुख्यमंत्री असताना, १९६५ ला पुण्यात सांगितलं होतं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. अक्का पुन्हा आतून, "फाशी घेऊन कुणाचं पोट भरतंय ओ?" पण सरांना ते वाक्य आवडतं. त्यात मुदत आहे म्हणतात. मुदत घातली की माणूस स्वतःच बांधला जातो.

या बाबतीत माझी स्वतःची आठवण १९९१ ची. जुलै महिना, मी आयटीआय संपवून बेळगावात उमेदवारी करत होतो. परकीय चलन दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं आणि देशानं ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडं गहाण टाकलं. त्या सुमारास आमच्या आईच्या पाटल्यासुद्धा पतसंस्थेत होत्या, रोपलावणीसाठी. त्यामुळं आमच्या घरात अर्थकारण समजवायला कोणी लागलं नाही. गहाण म्हणजे काय, आणि त्यानंतर घरात चार दिवस कोणी कोणाशी मोठ्यानं बोलत नाही म्हणजे काय, ते माहीत होतं. २४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला. उसन्या पैशावर आणि उसन्या वेळेवर जगायला आता जागा उरली नाही, असं ते सरळ म्हणाले. खताचे भाव ४० टक्के वाढवले, ओरड झाल्यावर ३० वर आणले. आणि शेवटी म्हणाले की जिची वेळ आलीय अशा कल्पनेला जगातली कोणतीही ताकद थांबवू शकत नाही. ते वाक्य फ्रेंच लेखक ह्यूगोचं. बाबांना ह्यूगो ठाऊक नव्हता. खताच्या भावावरून त्यांनी पोटभर शिव्या दिल्या आणि ताटावरून उठता उठता म्हणाले, "खोटं तरी बोललं न्हाई."

पाटल्या दोन वर्षांनी सुटल्या.

आता माझं दुखणं. २०१९ ला मी एका कारखान्यात होतो, नाव घेत नाही. गाड्यांची विक्री देशभर घसरली होती. फौंड्रीवाल्यांचं जगणं मोटारी-ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवर, त्यामुळं उद्यमबागेत तिसरी पाळी आधी गेली, मग दुसरी. वर ऑगस्टात पूर. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, नारळ फुटला आणि मालकांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की काळजी करू नका, ऑर्डर हातात आहेत, कोणालाही घरी जावं लागणार नाही. फार बरं वाटलं. मी येताना पोरीसाठी ड्रेसचं कापड घेतलं, उधारीवर. दिवाळी झाली आणि आठवड्यातून तीन दिवस काम सुरू झालं. मग दोन दिवस. बोनसचा दुसरा हप्ता अजून यायचा आहे.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. लोखंड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी, तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. बाजारातली पट्टी घेऊन कोणी बसला तर काम दिसायला झकास होतं, आणि ओतून गार झालं की जॉब भंगारात. आकसणार किती ते ओतायच्या आधी मापात धरायचं असतं. मालकांनी ते धरलं नव्हतं, किंवा धरलं होतं आणि आम्हाला सांगितलं नाही. मला राग तीन दिवसांच्या कामाचा नाही. पूजेच्या दिवशी जर सांगितलं असतं की जानेवारीपर्यंत ओढाताण आहे, तीन दिवस काम मिळेल, तेवढं मी नक्की देतो, तर मी कापड घेतलं नसतं आणि मालकांसाठी रविवारीही आलो असतो.

त्या आठवड्यात खानावळीत आवाज नव्हता. नुसता वाट्यांचा आवाज. तिसऱ्या दिवशी फळ्यावर नवी ओळ आली: "अर्धं ताट ४० रुपये. एक भाकरी, भाजी, आमटी. जूनपर्यंत. मागायला लाजू नये, आम्ही देताना लाजत नाही." पहिले दोन दिवस कोणी मागितलं नाही. मग सरांनी मागितलं. त्यांना पेन्शन आहे, त्यांना गरज नव्हती. त्यांच्या मागून आम्ही सातजणांनी.

जून यायच्या आधी लॉकडाऊन आला. अक्कांचा फळाही चुकला, हे लिहायलाच पाहिजे. मार्च २०२० ला बंद करताना त्यांनी लिहिलं, "१५ एप्रिलपासून जेवण." सरकारनं १४ एप्रिलपर्यंत सांगितलं होतं, त्यांनी एक दिवस पुढचा धरला. मग मुदत ३ मे झाली. मुलानं जाऊन फळा पुसून "४ मे" लिहिलं. मग १७ मे. तेव्हा अक्का स्वतः गेल्या आणि त्या तारखेवर रेघ मारून लिहिलं, "कधी ते आम्हाला माहीत नाही. तांदूळ आहे. ज्याला अडचण त्यानं मागच्या दारानं यावं." पुसलं नाही, रेघ मारली, हे लक्षात घ्या. माझ्या ओळखीचे चौघे त्या मागच्या दारानं गेलेत. मी नाही, मी गावी अडकलो होतो. फळ्याचा फोटो मुलानं पाठवला होता, तो अजून फोनमध्ये आहे.

नोटाबंदीचं राहिलंच. १३ नोव्हेंबर २०१६ ला पंतप्रधानांनी गोव्यात ५० दिवस मागितले, ३० डिसेंबरपर्यंत. त्याच दिवशी ते बेळगावातही येऊन गेले, केएलई शिक्षणसंस्थेच्या शताब्दीला. फळ्यावर लगेच आलं: "जुनी ५०० नको. सुटे नसतील त्यांनी वहीत लिहा आणि जेवा. वही ३१ डिसेंबरला बंद." वही बंद झाली तेव्हा अकरा जणांची बाकी होती. अक्का संक्रांतीपर्यंत थांबल्या. नऊ आले. त्या ५० दिवसांचं पुढं काय झालं यावर आमच्या टेबलावर आजही दोन तट आहेत, आणि खानावळीच्या परीक्षणात ते मिटायचं काही कारण नाही. दोन्ही तट एका बाबतीत एक आहेत: न आलेले ते दोघं कोण, हे अक्का सांगत नाहीत.

बाकी किरकोळ. फोनवरून पैसे चालतात, पण चिकटवलेल्या कोडवर हळदीचा डाग पडलाय, तिरका फोन धरावा लागतो. पार्सलचे ५ रुपये जादा, डबा आपला आणलात तर नाहीत. बायकापोरांना घेऊन जायचं तर दोननंतर जा, गर्दी ओसरते, आणि अक्का हात पुसून बाहेर येऊन बसतात. बाहेरगावचे असाल आणि वेळ असेल तर येताना तिलकवाडीत काँग्रेस विहीर बघा. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले असं हे एकच. एवढी माणसं जमणार म्हणून गंगाधरराव देशपांडे आणि मंडळींनी आधी पाण्याची सोय म्हणून ती खोदली. भाषणं नंतर झाली. तिथून खानावळ रिक्षानं दहा मिनिटं.

चंदगडचे पाव्हणे दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पुन्हा गेले. मी वांग्याचं एवढं सांगून ठेवलं होतं. पोचायला त्यांना अडीच वाजले, वांगी संपली होती. दारातून आत शिरताना समोरच फळ्यावर तसं लिहिलेलं होतं, दोन्ही भाषांत. त्यांनी वाचलं नाही, बसले, हात धुतले, ताट मागवलं आणि मग मला फोन केला.